जन्मजात ओरखडा

त्या शनिवारी आई कपाटासमोर उभी राहून मोत्याच्या कुड्या शोधत होती आणि त्या सापडत नाहीत याचा दोष संहिताला देत होती.

"मागच्या वेळी तूच नेल्या होत्यास."

"मी कुड्या घालतच नाही, आई."

"घालत नाहीस म्हणूनच हरवल्यास. घालणारी माणसं जपतात."

संध्याकाळी आम्स्टलव्हेनला मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. बाहेरच्या खोलीत बाबा स्वतःच्या कुर्त्याला इस्त्री करत होते आणि शीळ घालत होते. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या त्या फ्लॅटवरून दर थोड्या वेळानं विमान खाली उतरत जाई. तेवढा वेळ घरातलं बोलणं थांबे आणि विमान गेलं की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढे सुरू होई. संहिता तिथंच लहानाची मोठी झाली होती. ती आता बाडहूव्हडॉर्पला एकटी राहत होती, तिथं तर विमानं आणखी जवळून जात, पण वाक्य अर्धवट सोडायला समोर कुणी नसे.

कुड्या हाती लागण्याआधी आईच्या हाताला निळी मखमली डबी लागली. पुण्याहून आणलेल्या मोत्यांच्या सेटची. आईनं दाराकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि डबी उघडली. आई दार लोटून घेऊन काही करते, असं त्या घरात सहसा होत नसे.

आत मोती नव्हते. मोत्यांच्या खाचेत एक तांब्याचं नाणं बसवलं होतं, दोन युरोच्या नाण्याहून थोडं मोठं, चॉकलेटी रंगाचं. अमेरिकेचा सतराशे चौऱ्याण्णवचा सेंट. त्यावर एक बाई, उजवीकडे तोंड करून, केस मोकळे सोडून.

"बघ," आई म्हणाली आणि भिंग पुढे केलं.

"आई, मला माहीत आहे ते खोटं आहे. तू मागेच सांगितलंस."

"माहीत आहे म्हणूनच तुला दिसत नाही. आधी बघ."

संहितानं खिडकीपाशी जाऊन भिंग लावलं. बाईच्या गालाखाली एक तिरका ओरखडा होता, नखाएवढा.

"ओरखडा आहे."

"तो न्हाव्यालाही दिसेल. कसा आहे?"

संहितानं नाणं उजेडात फिरवलं. वर्षानुवर्षं आई तिला असं फिरवायला लावत आली होती. खऱ्या नाण्याला ओरखडा पडतो तो धातू कापत जातो. त्याच्या कडा धारदार असतात, बाजूला सारलेला धातू बारीक बांधासारखा वर आलेला असतो आणि तळाचा रंग निराळा असतो, कारण तिथली कातडी, म्हणजे तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला थर, फाटलेली असते. या ओरखड्याच्या कडा मऊ होत्या. तळाला वर होती तीच कातडी होती, तीच चकाकी. त्या ओरखड्यानं काहीच फाडलं नव्हतं.

"जन्मजात आहे," संहिता म्हणाली.

"जन्मजात!" आईला शब्द आवडला. "कुणीतरी एक खरं नाणं घेतलं, त्यावरून ठसा बनवला. त्या बिचाऱ्या खऱ्या नाण्याला कधीकाळी ओरखडा पडला होता, तोही ठशात उतरला. मग ठशातून निघालेलं प्रत्येक पोर तोच ओरखडा घेऊन जन्माला आलं. अगं, पोळ्या करताना चटका बसल्याचा डाग दोन बायकांच्या हातांवर असू शकतो. पण त्याच जागी, तेवढाच, तशाच वळणाचा?" तिनं नाणं परत घेतलं. "ह्याचं जुळं मला पुढे एका माणसाकडे बेल्जियममध्ये दिसलं. तोपर्यंत हे माझ्याकडे दीड वर्ष होतं. अस्सल म्हणून."

"मग फेकून का नाही देत?"

"सण आला, लग्न आलं की हे कपाट उघडते. तेव्हाच जरा जास्त फुशारलेली असते ना मी. तेव्हा हिचं तोंड दिसलेलं बरं." आईनं डबी मिटली. "पण हे बाहेर बोलायचं नाही हं. तुझ्या बाबांना तर मुळीच नाही. ते अख्ख्या ऑफिसला सांगत फिरतात, माझ्या बायकोला कुणी फसवून दाखवावं म्हणून."

"बरं."

"बरं काय? नाही सांगणार म्हण."

"नाही सांगणार."

कुड्या शेवटी बाबांच्या इस्त्रीच्या टेबलावर निघाल्या, आईनंच सकाळी तिथं ठेवलेल्या. "इथं कुणी ठेवल्या?" असं म्हणत तिनं त्या कानात घातल्या. कार्यक्रमात ती मंडळाच्या शोभाताईंशी श्रीखंडात जायफळ असावं की नसावं यावर कडाडून भांडली आणि जिंकली. परत येताना ट्राममध्ये तिला झोप लागली. उतरताना संहितानं तिच्या कोपराला हात लावून उठवलं, तर ती म्हणाली, "जागीच आहे मी." बाबा पुढे होऊन वर गेले आणि घरासमोर दोघींचे रस्ते वेगळे झाले. संहितानं सायकलचं कुलूप काढलं. "उद्या चकल्या घेऊन जा," आईनं जिन्यावरून सांगितलं.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. संहिता हॉस्पिटलात पोचली तेव्हा फक्त कागदपत्रं उरली होती.

*

आईचं नाण्यांचं वेड लोकांना छंद वाटे. संहिता मात्र त्याला हट्ट म्हणे, मनातल्या मनात.

आई या देशात आली ती बाबांच्या कामाच्या परमिटला जोडून. पुण्यात ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. इथं तिच्या पासपोर्टात शिक्का बसला: काम करण्यास परवानगी नाही. त्यांचा फ्लॅट तेव्हा झुइडओस्टला होता. एकदा राणीच्या वाढदिवसाला, जेव्हा सगळं शहर घरातली अडगळ चादरीवर मांडून फूटपाथवर विकायला बसतं, तिला बिस्किटाच्या डब्यात जुन्या गिल्डरांखाली, म्हणजे युरोआधीच्या डच नाण्यांखाली, एक काळपट चकती मिळाली. घासून पाहिली तर अमेरिकेचा जुना सेंट, त्यावर बाई. "नाण्यावरची बाई म्हणजे राणी, मुकुट घातलेली," ती पुढे सगळ्यांना सांगे. "ही कुणाचीच कोण नव्हती. नुसती बाई. आणि भवानीनं केससुद्धा विंचरलेले नव्हते!"

ती नाणेसंग्राहकांच्या क्लबात गेली. तिथं एका म्हाताऱ्यानं तिला गिल्डर म्हणजे काय हे सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कॉफी संपवली आणि घरी येऊन ठरवलं की ज्या विषयात या हॉलमधला एकही माणूस आपल्याला शिकवू शकणार नाही, तोच विषय घ्यायचा. अमेरिकेची पहिली तांब्याची नाणी त्या क्लबात कुणालाच फारशी ठाऊक नव्हती. दहा वर्षांनी तोच म्हातारा तिच्या खुर्चीशेजारी आपली नाणी घेऊन उभा राहू लागला.

तिच्या काही रीती होत्या. खरी नाणी ती साध्या कागदी पाकिटांत घालून स्ट्रोपवाफल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. "खऱ्याला मखमल कशाला?" पाकिटावर काही लिहीत नसे. चिठ्ठी लावली की डोळे चिठ्ठीच वाचतात, असं तिचं म्हणणं. आणि लिलावाआधी माल पाहायचा दिवस असे, तेव्हा ती गप्प बसत नसे.

हे फार मोठं पाप होतं. पाहणीच्या दिवशी त्या हॉलमध्ये देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता असते. लांब टेबलं, हिरवं कापड, प्रत्येकापुढे दिवा. मदतनीस ट्रे आणून देतो, माणसं भिंगातून पाहतात आणि ट्रे परत करतात. एखादं नाणं खोटं वाटलं तर बोलायचं नाही, लिलावात हात वर करायचा नाही, एवढाच शिष्टाचार. ज्यानं त्यानं आपलं ज्ञान आपल्या खिशात ठेवावं. आई मात्र नाणं कापडावर ठेवी आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "फाल्स!" म्हणजे खोटं. हा डच शब्द तिनं असा काही पुणेरी ठसक्यात घेतला होता की लोक दचकत. पंधरा वर्षांची संहिता शेजारी पुस्तकात डोकं खुपसून बसे आणि पानं न वाचता उलटत राही.

हार्लेमच्या लिलावघराचा मालक रूलोफ पहिल्यांदा आईला बाहेर काढायला आला होता. चार वेळा तिचं म्हणणं खरं ठरल्यावर तो तिला पाहणीच्या आधी बोलावू लागला, म्हणजे जे काही ओरडायचं ते तिनं आधीच ओरडावं. पुढे दोघांची चांगली मैत्री झाली.

आणि घरात? घरात आई चुकली असं कुणी म्हणत नसे. कुड्या इस्त्रीच्या टेबलावर सापडल्या तरी नाही. बाबांनी त्याची गंमत करून टाकली होती. संहितानं ती सवय करून घेतली. ती पुस्तकांत राहणारी, जुन्या कागदांच्या भाषांतरावर पोट भरणारी, वाक्य तोंडातून काढण्याआधी मनात वाचून पाहणारी मुलगी होती. आईशी वाद घालायची वेळ आली की तिचं वाक्य मनातच राही.

*

एप्रिलमध्ये रूलोफकडून आईच्या नाण्यांच्या लिलावाचा कॅटलॉग आला. बाबांनी तो टेबलावर मधोमध ठेवला होता, शेजारी चहा, जसं काही पाहुणे यायचे होते.

"बघ तरी," बाबा म्हणाले. "मुखपृष्ठावर आहे तुझी आई."

मुखपृष्ठावर मोकळ्या केसांची ती बाई होती, तळहाताएवढी मोठी करून छापलेली. खाली नाव: शर्मिला देवस्थळी संग्रह. गालाखाली तिरका ओरखडा.

संहितानं कॅटलॉग उचलला आणि परत ठेवला.

"बाबा, हे नाणं कुठून दिलंत तुम्ही?"

"तिच्या दागिन्यांतून. डब्यातली बाकीची रूलोफनं नेलीच होती. मग मी कपाट आवरत होतो तर ही डबी दिसली. मखमलीत गं! मंगळसूत्राशेजारी. म्हटलं, बघा, सगळ्यात लाडकं इथं लपवून ठेवलंय बाईसाहेबांनी. रूलोफ तर खुर्चीतून उठून उभाच राहिला. म्हणाला, ह्याबद्दल ती मला कधी बोलली नाही!"

"बाबा, ते खोटं आहे."

विमान आलं. बाबा थांबले. विमान गेलं तरी ते थांबलेलेच होते.

"कोण म्हणतं?"

"आईच म्हणाली होती. तिला माहीत होतं."

"खोटं होतं तर तिनं ठेवलं कशाला? तिनं खोटं नाणं कधी घरात ठेवलं होतं? घेतलं कुठून मग? म्हणजे तुझं म्हणणं काय, शर्मिला फसली?"

उत्तर अगदी सोपं होतं, तीन अक्षरांचं. संहितानं तोंड उघडलं आणि ते आलं नाही.

"तिनं मला दाखवलं होतं," ती एवढंच म्हणाली.

"काहीतरी गंमत केली असेल. तुला शिकवायला म्हणून. तू ते अक्षरशः घेतलंस, तू सगळं अक्षरशः घेतेस." बाबांनी कॅटलॉगवर हात ठेवला, एखाद्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "तीस वर्षं ह्या देशात राहिली. माझ्या नावाखाली आली, माझ्या परमिटवर राहिली. सगळ्या कागदांवर मी आधी. आत्ता पहिल्यांदा तिचं नाव एकटं छापून आलंय. मोठ्या अक्षरांत. ते तू काढून टाकायला सांगणार?"

"नाव नाही. नाण्याखालून नाव."

"एकच आहे ते! मुखपृष्ठावरचं नाणं मागं घेतलं की लोक म्हणतील बाकीच्यांचंही काही खरं नाही. आणि घेणाऱ्याला कुठं कळणार आहे? रूलोफला कळलं नाही!"

"तिला कळलं होतं, बाबा."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. मग तिथूनच त्यांनी विचारलं, आवाज वेगळाच होता, "मला का नाही सांगितलं तिनं?"

ते का, हेही संहिताला माहीत होतं. तेही तिनं सांगितलं नाही.

रूलोफला तिनं फोन केला. तो अतिशय मायेनं बोलला आणि त्या मायेचाच तिला राग आला. वजन बरोबर आहे, तो म्हणाला. कडेवरची अक्षरं बरोबर आहेत. तांब्याचा रंग सुरेख आहे. ओरखडा पाहिला होता का? पाहिला ना, सव्वादोनशे वर्षं जुन्या नाण्याला ओरखडा असायचाच.

"भिंगाखाली पाहिलास?"

"संहिता, हे नाणं तुझ्या आईच्या दागिन्यांत होतं. ती वाईट नाणं माझ्या टेबलावरही टिकू द्यायची नाही. शर्मिला चुकली असं तुला म्हणायचंय का?"

"नाणं चुकीचं आहे असं म्हणायचंय."

"ते एकच झालं. माणूस गेल्यावर सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास उडतो. माझे वडील गेले तेव्हा माझंही असंच झालं होतं. पाहणीच्या दिवशी ये. शांतपणे बघ. तुला बरं वाटेल."

बरं वाटेल! फोन ठेवल्यावर ती रिकाम्या घरात मोठ्यानं हसली. म्हणजे त्यानं नाणं पाहिलंच नव्हतं. त्यानं मखमल पाहिली होती. आईनं पाकिटांवर कधी काही लिहिलं नाही, कारण चिठ्ठी लावली की डोळे चिठ्ठी वाचतात. आता त्या लोकांनी आईचीच चिठ्ठी केली होती.

आणि गोष्ट एका नाण्यावर थांबणार नव्हती, हे तिला रात्रंदिवस कुरतडत होतं. ते नाणं आईच्या नावानं विकलं जाईल. फोटो छापून आलाच आहे. उद्या त्याच ठशातलं तिसरं भावंड कुठंतरी उगवेल, त्याच गालावर तोच ओरखडा घेऊन, आणि लोक कॅटलॉग उघडून म्हणतील, हे पहा, शर्मिला देवस्थळींकडेही अगदी असंच होतं, म्हणजे खरंच आहे. जिनं आयुष्यभर खोट्याला भर हॉलमध्ये खोटं म्हटलं, तिच्या नावावर खोट्यांची एक अख्खी पिलावळ खरी ठरत जाईल.

*

पाहणीच्या दिवशी बाबा न सांगता स्टेशनवर आले. गळ्यात आईनं विणलेला मफलर होता, एप्रिलमध्ये. हार्लेमपर्यंत दोघं समोरासमोर बसले आणि बाहेरचे ट्यूलिपचे पट्टे पाहत राहिले.

"तू तिथं काही बोलणार नाहीस," बाबा शेवटी म्हणाले. हुकूमही नव्हता, प्रश्नही नव्हता.

"मी नाणं बघणार आहे."

मनात ती आईशी भांडत होती. नाही सांगणार म्हण, म्हणालीस. म्हटलं मी. पण तू कुणाचं गुपित कधी ठेवलंस? त्या लोकांची नाणी त्यांच्या तोंडावर खोटी म्हणताना तुला त्यांची लाज दिसली का? मग तुझीच तेवढी झाकायची? तू जिवंत असतीस तर रूलोफच्या हातातून ओढून घेतलं असतंस ते. आत्ता तू नाहीस, म्हणून मी गप्प बसायचं, असं कुठं ठरलं होतं?

आई उत्तर देत नव्हती. आई उत्तर देत नाही, हे संहिताच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

हॉल तसाच होता. हिरवं कापड, दिवे, वाकलेली डोकी. काही जणांनी मान लववून बाबांचं सांत्वन केलं. बाबा कोटांच्या खुंट्यांजवळच्या खुर्चीत बसले. रूलोफनं स्वतः ट्रे आणला आणि संहितापुढे ठेवला, मखमली डबीसकट. डबी त्यानं मुद्दाम ठेवली होती.

तिनं नाणं कडांना धरून उचललं. मोकळ्या केसांची बाई. दिवा तिरका केला. त्या दिवाळीच्या शनिवारी पाहिलं तेव्हा तिला उत्तर माहीत होतं, म्हणून आईनं तिला टोकलं होतं. आज तिनं उत्तर बाजूला ठेवलं. खरं असू शकतं असं समजून पाहिलं. असावं असंही तिला वाटत होतं, ते तिनं कबूल केलं आणि पाहिलं. ओरखडा गालाखालून निघून हनुवटीकडे जात होता. कडा मऊ. कुठंही बांध वर आलेला नाही. तळाशी बाईच्या गालाचीच कातडी, तोच चॉकलेटी रंग, तीच बारीक चकाकी, सलग, न फाटलेली. कधी काही लागलंच नव्हतं तिला. दुसऱ्या कुणाची जखम होती ती.

"रूलोफ," ती हळू म्हणाली. "ओरखड्याचा तळ बघ."

"इथं नको," तो तितक्याच हळू म्हणाला. "आत चल, कॉफी घेऊ."

"कॉफी नको. भिंग घे."

"संहिता, लोक बघतायत."

शेजारच्या टेबलावरचा बेल्जियन व्यापारी, लालबुंद चेहऱ्याचा, हसून पुढे वाकला. "मी परवा बोली लावणार आहे त्यावर," तो म्हणाला. "पाहायला मागितलंसुद्धा नाही. शर्मिलाकडचं आहे ना? मग भिंग कशाला लागतं?"

त्यानं ते अगदी मनापासून, आदरानं म्हटलं. आजूबाजूची दोन-तीन डोकी होकारार्थी हलली आणि परत आपापल्या दिव्याखाली गेली. कोटांच्या खुंट्यांजवळ बाबांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या महिन्यांत तो तसा झाला नव्हता. तो चेहरा पाहून संहिताचा धीर गेला. एवढंसं तर होतं. एक माणूस आपल्या बायकोची स्तुती ऐकत बसला होता.

ती खाली बसून राहू शकली असती. ट्रे परत करायचा, कोट घ्यायचा, गाडीत बसायचं. शिष्टाचारात बसलं असतं सगळं.

तिनं नाणं हिरव्या कापडावर ठेवलं आणि उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मोठा झाला.

"फाल्स," ती म्हणाली.

आवाज बेताचाच निघाला. पण त्या हॉलमध्ये बेताचा आवाज पुरतो. डोकी वर झाली.

"संहिता, प्लीज," रूलोफ म्हणाला. मग सगळ्यांकडे वळून, "यांच्या घरी दुःख झालंय, तुम्ही समजून घ्याल."

"दुःख झालंय," ती डचमध्ये म्हणाली, आता स्पष्ट. "माझे डोळे ठीक आहेत. हा ओरखडा नाण्याला नंतर पडलेला नाही, नाणं तो घेऊनच जन्मलंय. कुणीही येऊन बघा. तुम्ही आधी या." हे बेल्जियन व्यापाऱ्याला. "भिंग घेऊन या."

तो माणूस गोंधळून उठला. आला. वाकला. बराच वेळ वाकून राहिला. दिवा त्यानं एकदा डावीकडे नेला, एकदा उजवीकडे. सरळ झाला तेव्हा तो हसत नव्हता.

"पण शर्मिलानं हे..." तो म्हणाला. "ती तर कधी..."

सगळा हॉल त्या अर्धवट वाक्यापाशी थांबला होता. रूलोफनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत आता माया नव्हती, विनवणी होती. तो तिला वाट काढून देत होता. म्हण, तुझ्या आईनं नमुना म्हणून ठेवलं होतं. म्हण, शिकवायला ठेवलं होतं. म्हण काहीही. सगळ्यांची अब्रू राहील.

संहितानं त्या वाटेकडे पाहिलं आणि ती घेतली नाही. नमुना म्हणून ठेवलं, हे निम्मं खरं झालं असतं, आणि निम्मं खरं आईनं या टेबलावर कधी चालू दिलं नव्हतं.

ती बाबांकडे वळली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते, एक हात मफलरवर. नको, असं ते नुसत्या ओठांनी म्हणत होते. वाक्य तिनं मनात वाचून पाहिलं नाही. आधी डचमध्ये बोलली, सगळ्यांसाठी. मग बाबांसाठी मराठीत, त्याच आवाजात, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत:

"आई चुकली होती, बाबा. हिनं तिला फसवलं होतं. दीड वर्ष. मग तिचं तिनंच ओळखलं, आणि तुम्हाला सांगायची तिला लाज वाटली. आई चुकली होती."